चार नंबरचा दिवा

"काका, माणूस मेलं की त्याचं बटण कुठे जातं?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं, आवाज माझा, पण प्रश्न शाळेच्या जिन्याखाली मधल्या सुट्टीत तयार झालेला, माझ्या तीन मैत्रिणींनी मिळून. टॉवर म्हणाली, "विचारून दाखव." ढोली म्हणाली, "हिला काय सांगतेस, ही यमाला विचारेल, रेडा कितीला पडला म्हणून." चष्मिस नुसती चष्मा पुसत राहिली, आणि तिने चष्मा पुसला की समजायचं, आता माघार नाही. गेल्या वर्षापर्यंत माझं नाव 'म्यूट' होतं, आता 'लाउडस्पीकर' आहे, आणि लाउडस्पीकरला पैज म्हणजे माकडाला जिना. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवाला टीव्हीच्या मागे डोकं खुपसून वायरी चाचपत होता, आई आत गॅसपाशी होती, आजोबा गॅलरीत पेपर वाचत होते, आणि मी सोफ्याच्या हातावर बसून पाय हलवत एका दमात विचारून टाकलं.

आमच्या घरी मीटर आहे. विजेचा नव्हे. टीव्हीशेजारी एक काळी पेटी, तिच्यावर हिरव्या दिव्यांची ओळ, आणि एक वेगळा रिमोट, त्यावर नुसते आकडे. घरातल्या प्रत्येकाला एक आकडा. टीव्हीपुढे बसलं की आपला आकडा दाबायचा, दिवा लागतो. उठलं की परत दाबायचा, विझतो. पेटी गुपचूप कुठेतरी कळवते की आत्ता या घरात इतक्या वयाचा पुरुष आणि इतक्या वयाची बाई हे हे चॅनेल बघतायत. त्यावरून ठरतं कुठलं चॅनेल पोरांचं, कुठलं बायकांचं, कुठलं म्हाताऱ्यांचं. मोजक्याच घरांत ही पेटी असते आणि आपल्याकडे ती आहे हे कुणालाही सांगायचं नसतं. त्यामुळे ते माझ्या अख्ख्या वर्गाला माहीत आहे.

मीटरवाल्याने डोकं बाहेर काढलं. केसांना जळमट लागलेलं. मला वाटलं, रागावेल. पण त्याला बहुतेक वाटलं, अभ्यासासाठी विचारतेय.

"कुठे जाणार?" तो म्हणाला. "नाव काढतो. मग पेटी बदलली की मागचा पुढे सरकतो. रांगेत कसं, पुढचा गेला की एक पाऊल पुढे. तुझंच बघ ना. पाच होतीस, चार झालीस."

मी हसले. हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"आणि हो," तो हात झटकत म्हणाला, "मी त्याच्यासाठीच आलोय. तू दुपारी घरी काय करतेस गं? रोज चार नंबर लागलेला दिसतो, अडीच-तीन तास. ऑफिसातून विचारलंय, पोरगी आजारी आहे का. शाळा नाही का तुला?"

आई पदराला हात पुसत दारात आली. माझी शाळा दुपारची. बारा वाजता मी बाहेर पडते, दिवेलागणीला घरी येते. आईने माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मी शाळा बुडवली, सिनेमाला गेले, कुणाच्या तरी स्कूटरवर बसले, नापास झाले, एवढं सगळं होऊन गेलं. मी म्हणू शकले असते, 'अगं आई, मी नाही.' अलीकडे मी काहीही म्हणू शकते. पण मी गॅलरीत बघत होते. आजोबांचा पेपर हलत नव्हता. पान उलटायला उचललेला हात तसाच वर होता.

आजोबा लिफ्टमन होते. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत, खुर्ची टाकून, पितळी बटणांच्या पाटीशेजारी, उभा जन्म. लोक आत येऊन आकडा सांगायचे, आजोबा दाबायचे, आकड्याचा दिवा लागायचा आणि माणूस तिथे पोचायचा. त्यांच्या मते जगात यापेक्षा खात्रीची गोष्ट नाही. लग्न ठरवताना लोक काय काय बघतात, आजोबांनी फक्त एवढं ऐकलं की एक बारीकशी मुलगी रोज सकाळी आत येते आणि म्हणते, "चार." चौथ्या मजल्यावर टेलिफोनचं एक्स्चेंज होतं आणि ती तिथे ऑपरेटर होती. तीन महिने ती 'चार' म्हणाली आणि आजोबांनी चार दाबलं. एक दिवस ती आत आली, काही बोललीच नाही, आजोबांनी तरी चार दाबलं, आणि आजी म्हणायची, "तिथेच मी फसले बाई." पुढे घरात मीटर आला, आकडे वाटायला घेतले, तेव्हा बाबा एक, आई दोन, आजोबा तीन, आणि आजीने मला बाजूला सारून सांगितलं, "चार माझा." मी पाच. मला तेव्हा काहीच म्हणायचं नसायचं. मी म्यूट होते ना.

मीटरवाला चहा पिऊन गेला. जाताना म्हणाला, शनिवारी फोन करतो, काय असेल ते खरं सांगा, नाहीतर पेटी काढून दुसऱ्या घरी लावतील. आई म्हणाली, "हो हो, चुकून काहीतरी झालं असेल." दार लागलं. मग आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बोल." मी म्हणाले, "शाळेत फोन करून हजेरी विचार." तिने विचारली. मी एकही दिवस चुकवला नव्हता. फोन ठेवून आई काही वेळ त्या पेटीकडे बघत उभी राहिली, जसं रिकाम्या घरात भांडं पडल्याचा आवाज आला की माणूस स्वयंपाकघराकडे बघतं. मग तिलाही कळलं. आम्ही दोघी गॅलरीकडे बघायचं टाळत राहिलो. मी दप्तर उचललं आणि शाळेत गेले, आणि जिन्याखाली तिघींनी विचारलं, "मग? काय म्हणाला?" मी म्हणाले, "म्हणाला, मागचा पुढे सरकतो." टॉवर इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसले. माझं हसणं मला बाहेरून ऐकू येत होतं, शेजारच्या खोलीत कुणी टीव्ही लावल्यासारखं.

मागचा पुढे सरकतो. मी त्या दिवशी भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसले आणि मला आजी गेल्यानंतरची पहिली थंडी आठवत राहिली. चार नंबरचा दिवा लागत नव्हता तेव्हाची. नाव काढलं होतं त्यांनी, रीतसर, दाखला बघून. आजोबा दुपारी जेवून टीव्हीपुढे बसायचे, तीन दाबायचे, दिवा लागायचा. मग चार दाबायचे. काही नाही. परत दाबायचे. अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबून धरायचे, लिफ्ट अडकल्यावर दाबून धरतात तसं. सुट्टीचा दिवस होता, मी पलंगावर पालथी पडून बघत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग पेटी जुनी झाली म्हणून नवी लावली. आणि दोन-चार दिवसांनी आजोबा स्वयंपाकघरात आले, आई भाजी चिरत होती, मी ताटं पुसत होते, आणि ते म्हणाले, "लागला." त्यांचा चेहरा धुतल्यासारखा होता. आई म्हणाली, "काय लागला, अप्पा?" तर म्हणाले, "काही नाही, काही नाही," आणि चहाचा कप घेऊन गेले. कप दोन नेले. मला आत्ता आठवतंय, दोन नेले. तेव्हा वाटलं, विसरले असतील. माझा दिवा होता तो. मला पत्ताही नव्हता, कारण मी टीव्ही बघतच नाही, मी फोनवर बघते, आणि रात्री सगळे बसले की सगळ्यांचे आकडे आईच दाबून टाकते, माझ्या डब्याचं झाकणही तीच लावते.

आणि चॅनेल! अरे देवा, चॅनेल. आजी-आजोबांचं चॅनेल म्हणजे आमच्या भाषेत 'गुडघ्यांचं चॅनेल'. कुठलं चॅनेल कुणाचं हे कार्यक्रम बघून कळत नाही, जाहिराती बघून कळतं. ज्याचं दुखणं तिथे विकतात त्याचं ते चॅनेल. तिथे गुडघ्यांचं तेल होतं, कानातलं यंत्र होतं, पोट साफ करायची पावडर होती, आणि मध्ये मध्ये एक संथ बाई. ती दुपारी जुनी गाणी लावायची आणि दोन गाण्यांच्या मध्ये इतक्या हळू बोलायची की मी लहानपणी समजायचे, टीव्हीची बॅटरी संपत आलीय. आजीला ती फार आवडायची. "हिचा आवाज बघ," म्हणायची, "ऑपरेटरचा आहे. घाई नाही. समोरचा माणूस लाइनवर आहे, जाणार नाहीये, हे हिला ठाऊक आहे." मी बोलत नव्हते तेव्हा आजी जुन्या फोनचा रिसीव्हर माझ्या कानाला लावायची, वायर तुटलेली, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "बोला. लाइन चालू आहे." मी नुसता श्वास घ्यायचे. ती म्हणायची, "ऐकू येतंय. बोला." असं किती वेळ. आजी गेली आणि त्यानंतर, त्याच वर्षी, वर्गात बाईंनी काहीतरी चुकीचं म्हटलं आणि मी उभी राहिले आणि बोलले, आणि मग थांबलेच नाही. सगळ्यांना आनंद झाला. मलाही. आता भूगोलाच्या तासाला मला दिसलं की तिथेही तेच झालंय. पुढची गेली, मागची सरकली. आवाजसुद्धा रांगेत मिळालाय मला.

गेल्या सहा-आठ महिन्यांत ते चॅनेल बदललं. आम्ही मैत्रिणींनी त्यावर किती विनोद केले. आधी तेल गेलं आणि मुरुमांचं क्रीम आलं. ढोली म्हणाली, "गुडघ्यांवर पिंपल्स आले." मग कानातलं यंत्र गेलं आणि केस सरळ करायचं यंत्र आलं. मग एक दिवस संथ बाई नव्हती. तिच्या जागी गुलाबी भिंतीपुढे एक मुलगी आणि एक मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, एकमेकांना उशा फेकून मारत किंचाळत होते. आजोबा त्या किंचाळण्यापुढे तसेच बसून राहायचे, हात मांडीवर, बसमध्ये बसल्यासारखे. मीटरवाल्याने चहा पिताना सांगितलं होतं, सहज, बिस्कीट बुडवत: मोठ्या चॅनेलला काही फरक पडत नाही, पण असल्या बारक्या चॅनेलला पेट्यांमधली एकदोन घरंही हलवतात. एकेक पेटीतला माणूस बाहेरच्या हजारोंच्या जागी मोजतात ना. तरुण मुलगी रोज दुपारी तीन तास बसलीय म्हटल्यावर मालक लोक उड्याच मारणार. "तुझ्यामागे हजारो पोरी आहेत," तो मला म्हणाला, कौतुकाने.

हे मी डोक्यातून काढू शकत नाही. देशभर दुपारच्या वेळी हजारो पंधरा वर्षांच्या मुली पडदे ओढून टीव्हीपुढे बसल्या आहेत, एकही बोलत नाही, आणि त्या सगळ्या माझी मेलेली आजी आहेत. त्यांच्यासाठी क्रीम बनतंय. त्यांच्यासाठी कुणीतरी गुलाबी भिंत रंगवली. त्यांच्यासाठी संथ बाईला कुणीतरी खोलीत बोलावून सांगितलं असेल, उद्यापासून येऊ नका. आणि हे सगळं कुणी केलं? एका म्हाताऱ्या लिफ्टमनने, एका अंगठ्याने, दोघांनी मिळून संथ बाई बघावी म्हणून. माझ्या डोक्यात हे येत होतं आणि बाई फळ्यावर नद्या काढत होत्या आणि मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी, लाउडस्पीकर, वहीत नद्या काढत होते.

शुक्रवारी मी पोट दुखतंय म्हणाले. आईने एकही प्रश्न विचारला नाही, यावरूनच कळलं की तिला कळलंय. ती कामाला गेली. जेवणं झाली. आजोबा खुर्चीत बसले, शेजारची खुर्ची जरा पुढे ओढली, तिच्यावरचा पेपर उचलला. तीन दाबलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दारात उभी होते. त्यांचा अंगठा चारवर होता आणि दाबत नव्हता.

"दाबा ना," मी म्हणाले.

"तुझा आहे म्हणे तो."

"ऐकलंत तुम्ही."

"गॅलरी काय दुसऱ्या गावाला आहे?" ते हसले, पण अंगठा तसाच. "मला काय कळत नाही का गं? गेलेली माणसं टीव्ही बघत नाहीत. बघत असती तर त्यांनी आधी रिमोट मागितला असता." थोडं थांबून म्हणाले, "दिवा लागतो ना, तेवढं पुरे असतं. लिफ्टमध्ये कसं, माणूस दिसत नाही, वरून कुणी बोलावतंय एवढाच दिवा दिसतो. आपण जायचं."

"आणि वर कुणी नसलं तर?"

"कितीदा नसतं. पोरं बटण दाबून पळून जातात. म्हणून काय लिफ्ट नेत नाही आपण?"

मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला आणि दाबला. चारचा दिवा लागला. ती खुर्ची रिकामी होती, मी तिच्यात बसले नाही, खाली फरशीवर बसले. समोर उशांची मारामारी चालू झाली. मुलगी किंचाळली. आजोबांनी कानाला हात लावला आणि काढला. मी म्हणाले, "आजोबा, दुसरं काही लावू? ती बाई गेली आता इथून."

"नको," ते म्हणाले. "अलीकडे तिला असला धांगडधिंगा आवडायला लागलाय बहुतेक. तिचंच चॅनेल हे, ती जिथे जाईल तिथे जाईल. मी काय, बसतो तिच्याबरोबर." आणि मग टीव्हीकडेच बघत, "वय कमी होत चाललंय तिचं."

मी त्यांना सांगणार होते. शपथ. वाक्य तयार होतं: आजोबा, हे तुम्ही केलंत, चार दाबायचं थांबवलंत तर कदाचित ती बाई परत येईल, तेल परत येईल, गाणी परत येतील. जिभेवर होतं. पण थांबवलंत तर दिवा विझेल. दिवा ठेवला तर आजीची आवडती बाई नाही, आणि बाई आणली तर आजी नाही. मी दोन्ही बाजूंनी जाऊन बघितलं, गणितातल्यासारखं, हातचा धरून, सोडून. कुठूनही एकच कुणीतरी उरत होतं. फरशी गार होती. मला रडू आलं आणि मी ते पडद्यावरच्या मुलीच्या किंचाळण्याच्या मापाने थोडं थोडं सोडत राहिले, म्हणजे आजोबांना ऐकू जाणार नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बहुतेक ऐकू गेलं.

शनिवारी सकाळी बाबांनी टेबलाशी बसून सगळं मुद्देसूद मांडलं. बाबा हिशेब तपासनीस आहेत, त्यांना दुःखसुद्धा रकान्यात बरं वाटतं. "हे बघ," ते आईला म्हणाले, "सरळ गोष्ट आहे. मीटरवाल्याला सांगायचं, म्हातारा माणूस आहे, चुकून दाबलं जातं. ते नंबर बदलून देतील. पेटीही राहील, चूकही जाईल, आणि कोण जाणे, अप्पांचं चॅनेलही ताळ्यावर येईल."

"आणि अप्पा?" आई म्हणाली.

"सवय होईल. माणसाला कशाचीही सवय होते."

"झाली होती की सवय," आई म्हणाली. "न लागणारं बटण दाबून धरायची. सुट्टीच्या दिवशी घरी असले की मी बघत होते." ती एवढंच म्हणाली आणि कांदा नसतानाच डोळे पुसले. आजी बाबांची आई होती. मी हे विसरतेच. त्यांच्या हातातलं पेन टेबलावर टकटक करायचं थांबलं होतं.

आतल्या खोलीत आजोबा झोपले होते. फोन टेबलाच्या मधोमध, वाजायचा बाकी. मला जिन्याखालची जागा दिसत होती, टॉवरचा ठसका, ढोलीचा डबा, चष्मिस चष्मा पुसतेय, आणि माझ्या आवाजाला तिथे येणारा घुमारा, जो दुसरीकडे कुठेच येत नाही. आमची शाळा सकाळच्या पाळीतही भरते, पण तिथे मी कुणालाच ओळखत नाही. तिथे त्यांना मी लाउडस्पीकर आहे हे ठाऊक नाही. पुन्हा म्यूटपासून सुरुवात. मग फोन वाजला. बाबांनी हात पुढे केला. मी त्यांच्या आधी उचलला आणि हाताने झाकून धरला.

"कुणीही कुणाला चूक झाली म्हणून सांगायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज खूप मोठा आला, म्हणून मी तो हळू केला, अगदी हळू, समोरचा माणूस लाइनवर आहे आणि जाणार नाहीये अशा बेताने. "मी शाळेची पाळी बदलून घेतेय. सोमवारपासून सकाळच्या शाळेत. बाईंशी मी बोलेन, मैत्रिणींना मी सांगेन, तुम्ही मध्ये पडू नका. त्याला सांगा, चार नंबर दुपारी घरी असते. खोटं नाही सांगायचंय. मी असणार आहे."